चार ठोके

विहिरीत उतरलेला माणूस ओरडला तर वर शब्द पोचत नाहीत, नुसता गडगडाट पोचतो. म्हणून मिस्त्री खाली असताना कधी ओरडायचे नाहीत. ते हातोडीने दगडावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे वर ओढा. तीन म्हणजे दगड सोडा. आणि चार ठोके, संथ, दोन ठोक्यांमध्ये एकेक श्वास सोडून, हे दिवसातून एकदाच यायचे. त्याचा अर्थ, थर बसला. वरच्या माणसाने रहाटाच्या लोखंडी खांबावर तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की ऐकलं. मिस्त्रींची मोठी मुलगी दहा वर्षं वर उभी राहून ठोके परत देत आली होती. दगड बसवायचे ते मिस्त्रींनीच, दुसऱ्या कुणी नाही. त्यामुळे चार ठोके स्वतः द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

त्या सकाळी दोन ठोके आले. मोठीने खांबावर परत दिले. लगेच आणखी दोन आले. मग आणखी दोन, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. मिस्त्री घाई करणाऱ्यांतले नव्हते. जेवायला बोलावलं तरी हातातला दगड बसवून, त्यावर हात फिरवून मगच निघणारा माणूस.

"लांबाकाका, ओढा," ती म्हणाली.

लांबाकाका म्हणजे मिस्त्रींचा तीस वर्षांचा जोडीदार. उंचीमुळे नाव पडलं ते पडलं, खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. दोघांनी मिळून रहाट फिरवला. पाळणा वर आला तेव्हा मिस्त्री त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. बाहेर पाय टाकला आणि तिथेच मातीत ओणवे झाले. सकाळचं सगळं उलटून पडलं, नंतर नुसतं हिरवं पाणी.

"कुठे दुखतंय, बाबा?"

त्यांनी बेंबीच्या वर बोट ठेवलं आणि तेच बोट पाठीकडे नेलं. "आरपार," म्हणाले. "पहार घातल्यासारखं."

मळ्याच्या मालकाच्या जीपमध्ये त्यांना आडवं टाकलं. आडवं होववेना, म्हणून पुन्हा बसवलं. जीप निघताना त्यांनी मोठीचं मनगट धरलं. "तेरा थर झालेत. वरची माती भुसभुशीत आहे. जास्त दिवस उघडी राहिली तर बाजू धरणार नाही."

"तुम्ही आता बोलू नका."

"बोलणार कोण मग? विहीर?" एवढं बोलून ते पुन्हा ओणवे झाले.

*

तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला तो खिडकीतल्या माणसाकडून. "पितात का?"

मोठीला आधी कळलंच नाही. "पाणी?"

"दारू हो."

"नाही."

त्याने तिच्याकडे न बघता काहीतरी लिहिलं. आत गेल्यावर सिस्टरने विचारलं, "किती वर्षांपासून पितात?" मोठी म्हणाली, पीत नाहीत. सिस्टर म्हणाली, सगळे असंच सांगतात. मग शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने, कुणी न विचारता, आपल्या दिराचंही अगदी असंच झालं होतं आणि तोही रोज संध्याकाळी, असं म्हणून अंगठा तोंडाकडे नेला. मोठीचे कान तापले. जन्मात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. विहिरीत उतरायचं तर डोकं ताळ्यावर हवं, म्हणून ज्याने सोयऱ्यांची नाराजी ओढवून घेतली पण पेल्याला हात लावला नाही, तो माणूस भिंतीकडे तोंड करून हे सगळं ऐकत होता.

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मोठीएवढ्याच असतील. त्यांनीही तोच प्रश्न विचारला तेव्हा मोठीचा तोल गेला.

"मॅडम, तिसऱ्यांदा सांगते. माझा बाप दारू पीत नाही. कागदावर ठळक लिहा आणि सगळ्यांना दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं, तिच्याकडे नीट बघितलं आणि खरंच लिहिलं. सोनोग्राफी झाल्यावर त्या स्वतः बाहेर आल्या. "तुमचं बरोबर होतं. पित्ताशयात खडे आहेत. त्यातला एक खाली उतरलाय. स्वादुपिंडाला जोराची सूज आहे. जोराची म्हणजे खूपच."

"बरे होतील ना?" धाकट्या भावाने विचारलं. तो शहरातल्या गोदामातलं काम सोडून तसाच पळत आला होता.

"आज काही सांगता येत नाही. उद्याही येणार नाही. तोंडाने काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबही नाही."

मोठीला ते 'थेंबही नाही' लागलं. ज्याने आसपासच्या शंभर शेतांना पाणी दाखवलं, त्याच्या ओठांना ओला कापूस लावायचा, तोही सिस्टरला विचारून.

*

दुसऱ्या दिवशी मालक विहिरीच्या काठावर उभे होते. "मिस्त्रींचं वाईट वाटतं. पण मी थांबू शकत नाही. सिमेंटच्या रिंगा उतरवणाऱ्यांना निरोप धाडतो."

"बाबांनी बावीस थर सांगितलेत," मोठी म्हणाली. "बावीस होतील."

"कोण करणार?"

"मी."

मालक हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. नुसते लांबाकाकांकडे वळले. "तुम्हाला पटतं हे?"

"माझं काम रहाट फिरवायचं," लांबाकाका म्हणाले. "खाली बाप आहे की लेक, दोराला काय कळतं? वजन कमी झालं तर मलाच बरं."

मालकांनी दोन आठवडे दिले. त्याआधी बाजू ढासळली तर काम बंद, आणि गावभर काय बोललं जाईल ते वेगळं सांगायची गरज नव्हती. मोठीला भीती त्याचीच होती. बाप खाटेवर पडलेला, आणि त्याच्या नावाची विहीर अर्धवट ढासळलेली. त्यांचं काही बरंवाईट झालंच, तर शेवटचं काम म्हणून लोक ती ढासळलेली विहीर दाखवतील. हा विचार मनात आला की तिच्या हातात आपोआप हातोडी यायची.

वर आता दुसरा माणूस हवा होता. आई पदर खोचून हजर झाली. "धाकटा आहे दवाखान्यात. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा दगड ओढते."

"आई, तुझी कंबर..."

"माझ्या कंबरेचं मी बघते. तू तुझ्या ओळंब्याकडे बघ."

पहिल्या दिवशी मोठीचा अर्धाच थर झाला. वरून बघताना सगळं सोपं दिसायचं. मिस्त्री दगड हातात घ्यायचे, त्यावर हातोडी टेकवून आवाज ऐकायचे, खणखणीत असला तर ठेवायचे, बद्द वाजला तर बाजूला. मग छिन्नीचे दोन घाव, आणि दगड आपल्या जागी जाऊन बसायचा. तिच्या हातात तोच दगड आडमुठ्या पाहुण्यासारखा वागत होता. तिने पंधरा बसवले आणि सहा काढले. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. गुडघ्यांची सालटी निघाली. मागच्या मातीत दगडाच्या चिपा ठासताना बोटांची कातडी गेली. दुपारी वर आल्यावर आईने तिचे हात बघितले आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला.

"तुझा बाप दिवसात पुरा थर करतो," मग म्हणाली.

"बापाला चाळीस वर्षं झाली. मला चार तास झालेत."

"तेच सांगतेय. चार तासांच्या मानाने बरं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौदावा थर पुरा झाला. शेवटचा दगड जाताना चारी बाजूंनी एकदम आवळून बसला. लांबाकाका वर खांबाजवळ हातोडी घेऊन उभे राहिले. खालून दोनच ठोके आले.

"चार कुठे गेले?" पाळण्यातून ती बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"थर बसला की नाही हे सांगणारी मी कोण? बाबा सांगतील."

लांबाकाकांनी मान खाजवली. "बापासारखीच तिरपागडी आहेस," म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर हसू होतं.

*

दिवस असे लागले. उजाडल्यापासून विहीर, मग हातपाय धुऊन बस, पाच वाजता दवाखाना. भेटायला अर्धा तास, एका वेळी एकच जण. धाकटा सगळा हिशेब तोंडपाठ सांगायचा. ताप किती, लघवी किती, श्वास किती. शहरात ज्याला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत, तो आता सिस्टर बदलली की नवीन सिस्टरला कुठली बाटली कधी लावली ते सांगत होता.

सहाव्या दिवशी तो जिन्यातच भेटला. "ताई, घाबरू नकोस. मास्क लावलाय. छातीत पाणी झालंय म्हणे. आणि हात बांधलेत."

"हात का बांधले?"

"भ्रमात आहेत. सारखे खाटेवर बडवतात. सलाईन निघालं दोनदा."

मोठी आत गेली. पोट टम्म फुगलेलं, तोंडावर मास्क, नाकातून नळी. दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला प्लॅस्टिकचा चाप ते अजूनही कठड्याच्या नळीवर आपटत होते. टक टक. थांबून पुन्हा टक टक. दर वेळी यंत्र कोकलत होतं आणि सिस्टर वैतागून ते बंद करत होती.

मोठीला हसू फुटलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. "सिस्टर, यांना भ्रम झाला असेल, पण हे बडवत नाहीयेत. वर ओढा म्हणतायत."

"काय?"

"ते विहिरीत आहेत. त्यांना वाटतंय, वर कुणी ऐकत नाही."

तिने पर्समधली घराची किल्ली काढली आणि कठड्याच्या नळीवर दोन ठोके दिले. स्वच्छ, नीट अंतर ठेवून. मिस्त्रींचा हात थांबला. डोळे अर्धे उघडे होते, ते कुठे बघत होते देव जाणे. त्यांनी पुन्हा दोन दिले. तिने परत दोन दिले. मग त्यांच्या खांद्यातला ताठरपणा हळूहळू गेला. पाळण्यात बसल्यावर, आता वरचे ओढतील, असं समजून माणूस जसा सैल पडतो, तसे ते सैल पडले.

सिस्टरने पुढे होऊन स्वतः एका हाताची पट्टी सोडली. "किल्ली तुमच्या भावाकडे देऊन जा. आणि मलाही शिकवा."

"एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर ओढा," मोठी म्हणाली, आणि तिला बापाचा असा अभिमान वाटला की मास्क, नळ्या, फुगलेलं पोट सगळं क्षणभर दिसेनासं झालं. शुद्ध हरपली तरी या माणसाची शिस्त हरपली नव्हती.

*

सोळाव्या थराच्या मागे झरा होता. करंगळीएवढी धार, मातीतून झिरपत येणारी, सोबत गाळ आणणारी. या धारेने भुसभुशीत माती वाहून नेली तर वरची बाजू बसेल, असं मोठीच्या डोक्यात बसलं. तिने त्या जागी निवडून निवडून दगड घेतले. घासले, पुन्हा घासले. मागे चिपा ठासल्या, त्यांच्या फटींत बारीक चिपा ठासल्या. सांध्यात सुरीचं पातं जाईना. धार बंद झाली. लांबाकाका मुद्दाम पाळण्यात बसून खाली आले, सांध्यावरून बोट फिरवून म्हणाले, "मिस्त्रींनाही एवढं घट्ट जमत नाही हं." ती दोन दिवस त्याच तोऱ्यात होती. सतरावा झाला. अठरावा झाला.

अठराव्या थराच्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई खाटेपाशी भेटल्या. मास्क निघाला होता, मिस्त्री झोपले होते. मोठीने इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"मॅडम, वाटाण्याएवढा खडा. त्याने एवढ्या माणसाचं हे कसं केलं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद घेऊन दोन नळ्या काढल्या, एका तोंडाशी मिळणाऱ्या. "खडा या तोंडाशी अडकला. मागून रस येतच राहिला. त्याला बाहेर जायला वाट नाही. मग तो आतच साठला आणि ज्या ग्रंथीतून येतो तिलाच खायला लागला. खडा वाईट नव्हता हो, जागा वाईट होती."

मोठी कागदाकडे बघत राहिली. तिने खाटेचा कठडा घट्ट धरला.

"बरं वाटत नाहीये का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, मीही एक तोंड बंद करून ठेवलंय," ती म्हणाली, आणि शेवटची बस गाठायला धावली.

सकाळी उजाडताच ती खाली उतरली आणि सोळाव्या थराला कान लावला. मागे पाणी होतं. वाहत नव्हतं, गच्च साठून भिंतीला रेटत होतं. दोन दगड बोटभर पुढे सरकले होते. मिस्त्री प्रत्येक विहिरीत झऱ्याजवळ दोन दगडांत पंजाएवढी फट सोडायचे, मागे माती धरायला गोटे भरायचे, आणि ती वरून शंभरदा ते बघत आली होती. बघितलं होतं, पण तिला ती फट म्हणजे बापाचा कंटाळा वाटायचा. म्हणून तर तिने जास्त घट्ट बांधलं होतं. बापापेक्षा चांगलं.

ती वर आली. "तीन थर उतरवायचे."

आईने हातातला दगड खाली ठेवला. लांबाकाका काही बोलणार तेवढ्यात मालक आले. "काय? बांधलेलं पाडतेस? तीन दिवसांचं काम?"

"हो. चुकलं माझं."

"बाहेरून तर बरं दिसतंय की."

"माझे बाबाही बाहेरून बरेच दिसत होते, मालक," ती म्हणाली.

तीन थर उतरवायला दिवस गेला. शेवटचे दोन दगड तिने पहारेने सैल केले आणि बाजूला सरकली. पाणी धाडकन आलं, चिखलासकट, तिच्या छातीवर. ती पाळण्याचा दोर धरून उभी राहिली. गढूळ पाणी जाऊन पाऊण तासाने धार स्वच्छ झाली. तिने मागे गोटे भरले, पंजाएवढं तोंड मोकळं ठेवलं, आणि त्या धारेखाली ओंजळ धरली. मग तिन्ही थर पुन्हा चढवायला लागली. या वेळी हात थांबत नव्हते. दगड वाजला की तिला कळत होतं. दिवसाला एक थर व्हायला लागला होता, हे आईने मोजलं, तिने नाही.

बाविसावा थर दोन आठवड्यांच्या मुदतीवर दोन दिवस चढवून झाला. मालक त्या दोन दिवसांविषयी चकार शब्द बोलले नाहीत. काठावर पोटावर पडून त्यांनी बराच वेळ खाली बघितलं. उठून कपडे झटकत म्हणाले, "खालच्या मळ्यातही एक काढायची आहे. घेशील?"

"बाबांना विचारून सांगते," मोठी म्हणाली.

त्या दिवशीही तिने चार ठोके दिले नाहीत.

*

मिस्त्री उशीला टेकून बसले होते. गालांची हाडं वर आलेली, हातांच्या शिरा मोजून घ्याव्यात अशा. नाकातली नळी होतीच. पण डोळे त्यांचे होते. धाकट्याने त्यांची दाढी केली होती आणि हनुवटीवर कापलंही होतं. आज सिस्टरने दोघा भावंडांना एकत्र आत यायची मुभा दिली होती.

दारातच डॉक्टरीणबाईंनी मोठीला थांबवलं. "आज बरे आहेत. पण ऐकून ठेवा. ग्रंथीचा अर्धा भाग मेलाय. त्यात पू झाला तर मोठं ऑपरेशन. नाही झाला तरी दीड-दोन महिने. मी तुम्हाला शब्द देत नाही."

"नका देऊ," मोठी म्हणाली. "पाणी लागेल असा शब्द बाबांनीही कधी कुणाला दिला नाही. दिवसाचं काम दिवसाला करायचं, एवढंच ते सांगतात. तुम्ही तेच करताय."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि बाजूला झाल्या.

मोठी खाटेशी बसली. मिस्त्रींनी आधी तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. काळं नख, सोललेली बोटं, तळव्यावरचे नवे घट्टे. मग म्हणाले, "सांग."

तिने सांगितलं. चौदावा कसा गेला, पंधराव्याला ओळंबा कुठे चुकला, दगड कुठून आणले. सोळाव्यापाशी आली तेव्हा मिस्त्रींनी बोटाने कठड्यावर एक ठोका दिला. थांब.

"झरा होता तिथे," ते म्हणाले. आवाज कागदासारखा पातळ. "तोंड ठेवलंस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. विहिरीत आता तोंड होतंच. "नाही ठेवलं. घट्ट बांधलं. तुमच्यापेक्षा चांगलं करायला गेले. मग अठरापर्यंत चढून तीन थर उतरवले."

"कुणी सांगितलं उतरवायला?"

"तुमच्या डॉक्टरीणबाईंनी."

तिने खड्याचं आणि नळीचं सगळं सांगितलं. मिस्त्री हसायला लागले, पोटाला कळ लागली, दोन्ही हातांनी पोट धरून हसू आवरलं. डोळ्यांत पाणी आलं ते कळीमुळे की कशामुळे, धाकट्याने विचारलं नाही.

"मी पहिल्या विहिरीत पाच उतरवले होते," ते म्हणाले. "माझ्या बापाने उतरवायला लावले. तू आपणहून उतरवलेस." आणि मग, "पाणी कसंय?"

"गोड. पहिली ओंजळ मी प्यायले."

"तुझीच होती ती." त्यांनी डोळे मिटले. झोपले असं तिला वाटलं. पण ते म्हणाले, "लांब्या सांगत होता. चार दिले नाहीस म्हणे एकदाही."

"तुम्ही बघितल्याशिवाय कसे देणार?"

"मी कधी वर येऊन बघेन, येईन की नाही, ते या बाईंनाही माहीत नाही." ते सरळ बोलले, रडगाणं न लावता. "खाली तू होतीस. खालच्यानेच द्यायचे. दे."

धाकट्याने खिशातली किल्ली पुढे केली. मोठीने ती घेतली. तिने आधी श्वास सोडला. मग कठड्याच्या नळीवर एक. दोन. तीन. चार. दहा वर्षं ऐकलेले ठोके, प्रत्येकामागे एक श्वास. खोलीतल्या बाकीच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. सिस्टर हातात ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली.

मिस्त्रींनी चाप लावलेलं बोट उचललं. एक दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला हात खाली पडला आणि त्यांना दम लागला. धाकटा पुढे झाला तसं त्यांनी डोळ्यांनीच त्याला मागे सारलं. पुरते दोन-तीन श्वास घेतले, बोट पुन्हा उचललं, तिसरा दिला, आणि चौथा त्या सगळ्यांत जोरात दिला. यंत्र कोकलायला लागलं. सिस्टरने ते लगेच बंद केलं नाही.